रिमोटची बोट मध्येच बंद पडली? दुरुस्ती करताना या चुका टाळा

मराठवाड्यात रिमोटवर चालणारी बोट सोडण्यासाठी शेततळ्याइतकी सोयीची जागा क्वचितच मिळते. मात्र बोट तळ्याच्या मध्यावर बंद पडली, तर प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या निसरड्या उतारावरून तिच्यामागे पाण्यात उतरणे ही सर्वांत घातक चूक आहे. समोरासमोरच्या काठांवर दोघांनी एक लांब दोरी धरून ती पाण्यावरून सावकाश ओढत आणली, की बोट काठाला लागते.

बोट हाती आल्यावर स्विच चालू करून पाहण्याचा मोह होतोच, पण आत पाणी शिरले असेल तर त्याच क्षणी खरे नुकसान सुरू होते, कारण ओल्या सर्किटमधून वीज वाहू लागताच तांब्याच्या पट्ट्या झपाट्याने गंजू लागतात. म्हणून आधी बॅटरी काढावी. त्यानंतर रिसीव्हर, म्हणजे रिमोटचे संकेत पकडणारे बोटीतील सर्किट, केवळ वाळवून भागत नाही. आपल्याकडची बरीच शेततळी बोअर किंवा विहिरीच्या पाण्याने भरलेली असतात आणि त्या जड (क्षारयुक्त) पाण्यातील क्षार पाणी उडून गेले तरी मागे राहतात. माझा एक रिसीव्हर दोन दिवस वाळवल्यानंतर व्यवस्थित चालला आणि तिसऱ्या आठवड्यात अचानक बंद पडला. उघडून पाहिले, तेव्हा पिनांच्या बुडाशी हिरवट थर साचलेला होता आणि नखाने खरवडताच त्याची भुकटी पडली. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा उपायही येथे निरुपयोगी ठरतो, कारण तांदूळ क्षार काढत नाहीत. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणाऱ्या डिस्टिल्ड वॉटरने सर्किट धुवावे, मऊ ब्रशने आयसोप्रोपिल अल्कोहोल (सर्किट साफ करण्याचे, लवकर उडून जाणारे द्रव) फिरवावे आणि सावलीत पंख्याखाली पूर्ण वाळवावे.

दुसरी मोठी चूक म्हणजे काहीही न मोजता सुटे भाग बदलत जाणे. दोन सेलची लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट दाखवते, परंतु मोटर बंद असताना घेतलेला हा आकडा फसवा असतो. बोट काठाजवळ पाण्यातच धरून, हाताची बोटे बोटीच्या पंख्यापासून (प्रोपेलरपासून) दूर ठेवून, दुसऱ्या व्यक्तीला रिमोटवरून थ्रॉटल द्यायला, म्हणजे वेग वाढवायला, सांगावे आणि त्याच वेळी कनेक्टरच्या बॅटरीकडील व स्पीड कंट्रोलरकडील (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटकडील) अशा दोन्ही बाजूंना व्होल्टेज मोजावे. दोन्हीकडे ते सारखेच कोसळत असेल तर सेल थकलेले आहेत. बॅटरीकडे ठीक आणि पुढे कमी असेल तर कनेक्टर सैल आहे किंवा आत ड्राय सोल्डर (नीट न धरलेला डाग) आहे, आणि अशा वेळी नवी बॅटरी आणणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे होय. रिसीव्हरला सहसा ५ व्होल्टच्या आसपास पुरवठा मिळतो. सुकाणू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवताना तो ४ च्या खाली जात असेल, तर सर्व्हो, म्हणजे सुकाणू फिरवणारी छोटी मोटर, कोठे अडकतो ते आधी पाहावे.

बोट जमिनीवर चालते आणि पाण्यात दूर गेल्यावर थांबते, या तक्रारीमागे पुष्कळदा अँटेना असतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत, म्हणून अँटेनाचे टोक पाण्याच्या पातळीच्या वर व मोटरच्या तारांपासून दूर असले पाहिजे. ब्रशलेस (तीन तारांवर चालणारी, आत ब्रश नसलेली) मोटर फक्त थरथरत असेल, तर तिच्या तीन तारांपैकी एखादी सुटली आहे का ते तपासावे. तसेच पंख्यात शेवाळ अडकले असताना थ्रॉटल वाढवू नये, कारण अडलेली मोटर प्रचंड करंट ओढते आणि स्पीड कंट्रोलर जळतो.

मे महिन्याच्या उन्हात बंद गाडीत लायपो ठेवू नये, आणि फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज तर मुळीच करू नये.

एवढे करूनही पाणी आत कोठून आले हे शोधले नाही, तर दुरुस्ती अपुरीच राहते. आधी पंख्याच्या दांड्याची नळी पाहावी, कारण तिच्यातील ग्रीस संपले की पाणी तेथूनच चढते. बॅटरी व सर्किट बाहेर काढून आत टिश्यू पेपर पसरावा, आतील सामानाइतकेच वजन ठेवून बोट दहा मिनिटे टबमध्ये तरंगू द्यावी आणि कागद सर्वांत आधी कोठे ओला होतो ते पाहावे.