म्युझियममध्ये कापड आत घेताना कसर, म्हणजे कापड खाणारी कीड, सोबत येऊ नये म्हणून काय करायचं

नवीन आलेलं कापड थेट स्टोअरमध्ये नेऊ नका, देणारा कितीही शपथेवर सांगो की आमच्याकडे कपाटात अगदी जपून ठेवलेलं होतं. आधी वेगळी खोली, टेबलावर पांढरा कागद, आणि त्यावर उलगडून शिवणी, चुण्या, अस्तराची आतली बाजू बघायची. कसरीचा उडणारा पतंग काही खात नाही, खाते ती अळी. आणि तिची विष्ठा बऱ्याचदा कापडाच्याच रंगाची असते, लाल शालीतून लालच बारीक दाणे पडतात, म्हणून लोक धूळ समजून झटकून मोकळे होतात. लोकर, रेशीम, पिसं ह्यांना धोका जास्त, पण घामाचे डाग असलेलं किंवा खळ दिलेलं सुती कापडही सुटत नाही.

जाळी लावून कमी सक्शनवर व्हॅक्यूम करा. काही दिसलं नाही तरी पारदर्शक पॉलिथिनमध्ये सीलबंद करा, कारण अंडी नजरेला सापडतीलच असं नाही.

आता फ्रीझिंग, म्हणजे थंडीनं कीड मारणं. मलाही सगळ्यात जास्त झुंजवलं ते ह्यानंच, कारण जो तो नुसतं "फ्रीझरमध्ये टाका" एवढंच सांगतो. उणे ३० अंशाला ३ दिवस, उणे २० च्या आसपास असेल तर २ आठवडे, पण हे दिवस कापडाचा गाभा त्या तापमानाला पोचल्यापासून मोजायचे, दार लावल्यापासून नाही!! जाड गालिच्याच्या गुंडाळीत थंडी आतपर्यंत जायला बराच वेळ लागतो, त्यामुळे थर्मामीटरचा सेन्सर घड्यांच्या मधे ठेवा आणि फ्रीझर ठासून भरू नका. हळूहळू गार झालं की किडे थंडीला सरावतात आणि मग सगळी मेहनत फुकट. पॅक करताना कापड आम्लमुक्त टिश्यूत गुंडाळायचं, पिशवीतली हवा काढायची, मग सील.

बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास तरी उघडायची नाही, आत काय झालं बघायची कितीही घाई असली तरी. दव पिशवीच्या बाहेर धरू दे, आधी उघडलीत तर तेच पाणी कापडावर बसेल. गोठलेलं कापड वाकवू किंवा दाबूही नका. आणि वर रंगाने चित्र काढलेलं कापड, काचमणी, हस्तिदंत, लाकडी भाग असं काही जोडलेलं असेल तर फ्रीझर विसरा, कॉन्झर्व्हेटरला (जुन्या वस्तू जतन करणाऱ्या तज्ज्ञाला) विचारून ऑक्सिजन काढून टाकायची पद्धत वापरा. तिला काही आठवडे लागतात, लागू देत.

डांबराच्या गोळ्यांचं मला कृपया कुणी सांगू नका. ती वाफ माणसाला घातक, प्लास्टिकचे भाग मऊ पडतात, आणि किडीचा बंदोबस्त झालाच ह्याची खात्री नाही ती नाहीच.

नंतर स्टोअरमध्ये फेरोमोन ट्रॅप, म्हणजे मादीच्या वासानं पतंगांना ओढणारा सापळा, लावा, पण त्यात फक्त नर पतंग अडकतात, म्हणजे तो नुसता खबऱ्या आहे, राखणदार नाही. एक जरी सापडला तर तारीख आणि जागा रजिस्टरमध्ये लिहा आणि त्याच दिवशी आजूबाजूचे खण उघडून बघा.