हातात पदवी, पण व्हर्नियर उलटा: या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान वर्कशॉपसाठी नव्या पोरांच्या मुलाखती घ्यायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. टेबलावर एक कास्टिंग (साच्यात ओतलेला धातूचा भाग) आणि व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) ठेवतो आणि म्हणतो, "बोअर मोजून सांग की." लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर मोजता येणारं सर्वांत लहान माप, विचारला तर ०.०२ मिलिमीटर, बिनचूक उत्तर. पण मेकॅनिकलची पदवी घेतलेली कितीतरी पोरं भोक मोजायला बाहेरचं माप घ्यायचे जबडे आत कोंबतात.

प्रॅक्टिकल शेवटच्या वर्षावर ढकलणं. इंटर्नशिप अभ्यासक्रमातच असते, तरी ती उरकली जाते. एकानं तीन प्रमाणपत्रं दाखवली, तिन्ही ऑनलाइन. काय केलंस विचारलं, तर "व्हिडिओ बघितले, सर." दुसऱ्या वर्षापासूनच मच्छे किंवा उद्यमबागेत ओळखीनं एखादी फाउंड्री (धातू ओतायचा कारखाना) गाठा, सुट्टीच्या दिवशी जा. पगाराचं बोलू नका. रिजेक्ट मालाचा ढीग कुठं आहे तेवढं विचारा आणि तिथं बसा.

त्या ढिगात ब्लोहोलवाली, म्हणजे आत वायू अडकून भोकं पडलेली, कास्टिंग सापडेलच. मेस्त्री म्हणेल, "वाळू ओली हाय." खरं असतं. पण किती ओली? साच्याची ५० ग्रॅम वाळू १०५ ते ११० अंशांवर वाळवून पुन्हा तोला. ४८ भरली, तर ओलावा ४ टक्के. आठवडाभर हा आकडा वहीत लिहा, शेजारी त्या दिवसाचा रिजेक्ट माल. ओलावा वाढला की पाण्याची वाफ होते आणि वाट मिळाली नाही तर धातूत अडकते, हे पुस्तकात वाचलेलं असतंच. आकडा ठीक आणि भोकं तरीही? मग कोअर (पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) नीट वाळला होता का, व्हेंट (वायू बाहेर जायच्या वाटा) दिले होते का, ते बघा. माझ्या मते चार वर्षांतल्या कुठल्याही प्रोजेक्टपेक्षा ही वही मुलाखतीत जास्त बोलते.

"पुस्तकात काय ठेवलंय?" म्हणत वर्ग बुडवणं. ही उलटी चूक, आणि कारखान्यात रमलेली पोरं हमखास करतात. गिऱ्हाईक माल परत पाठवून लेखी कारण मागतं, तेव्हा मेस्त्रीमामांचा अनुभव कागदावर मांडायला कुणीतरी शिकलेला लागतो. तिथंच तर पदवीचा पगार असतो.

बीकॉमवाल्यांनी नुसत्या व्याख्या घोकणं. जीएसटीची व्याख्या घडाघडा येते, बिल करता येत नाही. इथं कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवर हे लगेच उघडं पडतं. बेळगावातून पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला माल विकला तर सीजीएसटी (केंद्राचा) आणि एसजीएसटी (राज्याचा), कारण दोन्ही कर्नाटकात. हाकेच्या अंतरावरच्या शिनोळीला विकला तर आयजीएसटी (दोन राज्यांमधल्या विक्रीचा), कारण शिनोळी चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. खडेबाजारातल्या एखाद्या दुकानाची महिनाभराची बिलं स्वतः करून बघा. मालकाला काय, फुकट हात मिळाला तर हवाच असतो!

कन्नड टाळणं. घरातली मराठी घरात राहील, कुणी काढून घेत नाही. पण शॉपफ्लोअरवर शेजारचा ऑपरेटर गोकाकचा किंवा अथणीचा असतो, आणि शिफ्ट बदलताना मशीनचं दुखणं तो कन्नडमध्येच सांगणार. रोज त्याच्याकडून दोन वाक्यं घ्या. मुलाखतीत कन्नड येत नाही म्हणून गप्प बसलेली हुशार पोरं बघितली की वाईट वाटतं.

पलीकडच्या नोकरीचे कागद न जमवणं. महाराष्ट्र शासनाच्या भरतीत कर्नाटकातल्या सीमाभागातल्या, महाराष्ट्रानं हक्क सांगितलेल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिकांना ठरलेल्या अटींवर अर्ज करता येतो. जाहिरातीत ती ओळ खाली कुठंतरी असते. निपाणी-खानापूरकडची पोरं ती वाचतात ती अर्जाची मुदत संपायला दोन दिवस असताना, आणि मग रहिवासाच्या दाखल्यासाठी पळापळ. आपलं गाव यादीत आहे का ते आजच बघून घ्या, आणि कागदांची फाइल पदवीच्या पहिल्या वर्षातच लावायला घ्या.