नेटबॉलची सुरुवात: चेंडूआधी पाय

नेटबॉलच्या पहिल्या सरावाला मी काहीशा बेफिकिरीनेच गेले होते. काही वर्षे बास्केटबॉल खेळून झाले होते, तेव्हा त्याच घराण्यातला हा खेळ आठवड्याभरात अंगवळणी पडेल, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात पहिल्या दहा मिनिटांत पंचांची शिट्टी माझ्यावर इतक्यांदा वाजली की, चेंडू आपल्याकडे न आलेलाच बरा, असे वाटू लागले.

घराणे एक आहे, हे खरे. १८९० च्या दशकात बास्केटबॉल इंग्लंडमध्ये पोहोचला आणि त्यातूनच हा खेळ घडत गेला. पण चेंडू आपटत धावण्याची मुभा इथे नाही, आणि हातात आलेला चेंडू तीन सेकंदांच्या आत सोडावाच लागतो. त्यामुळे नवख्या खेळाडूने सर्वप्रथम शिकायची गोष्ट म्हणजे थांबणे.

फूटवर्कचा नियम वाचायला सोपा आहे. चेंडू झेलल्यावर जो पाय आधी जमिनीला टेकतो, तो टेकूचा पाय. दुसरा पाय हवा तितक्या वेळा टाकत त्याच्याभोवती वळता येते. टेकूचा पाय उचलताही येतो, मात्र तो पुन्हा टेकण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलेला असला पाहिजे. दोन्ही पाय एकदम टेकले, तर कोणता उचलायचा हे आपण ठरवायचे आणि उरलेला टेकूचा धरायचा. माझी अडचण अशी की, भरधाव येऊन चेंडू झेलल्यावर जुन्या सवयीने आणखी दोन पावले आपोआप पडत. ही सवय मोडायला मला दोन महिने लागले. भिंतीवर चेंडू मारायचा, परतताना उडी घेऊन झेलायचा आणि कोणता पाय आधी टेकला ते ‘डावा’ किंवा ‘उजवा’ असे मोठ्याने म्हणायचे, एवढाच तो सराव होता. सुरुवातीला निम्म्या वेळा मला उत्तरच देता येत नसे. आमच्या प्रशिक्षक पाठमोऱ्या उभ्या राहून केवळ बुटांचा आवाज ऐकत. धप्पकन आवाज आला की गुडघे वाकले नाहीत, हे त्यांना न पाहता कळे. या खेळात घोटा आणि गुडघा दुखावण्याचे प्रसंग बरेच येतात, कारण वेगात येऊन क्षणात थांबायचे असते. म्हणून गुडघा वाकवून आणि तो आत न झुकू देता उतरण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी.

संघात सात जणी, आणि प्रत्येकीचा वावर तिच्या बिबवरील, म्हणजे जर्सीवर घातलेल्या बिनबाह्यांच्या कापडावरील, जागेच्या अक्षरांनी बांधलेला असतो. हद्द ओलांडली की ऑफसाइड, मग हातात चेंडू असो वा नसो. गोल फक्त जीएस (गोल शूटर) आणि जीए (गोल अटॅक) यांनाच करता येतो, तोही ४.९ मीटर त्रिज्येच्या अर्धवर्तुळाच्या आतूनच. नवख्या मुलीची उंची पाहून तिला गोलकीपर करून मोकळे होण्याची प्रथा मला पटत नाही. एका कोपऱ्यात उभे राहून खेळ उमगत नाही. सेंटरला तर दोन्ही टोकांची अर्धवर्तुळे सोडून संपूर्ण मैदान धावायचे असते, त्यामुळे ती जागाही पहिल्या दिवशी मागू नये. माझ्या मते विंग डिफेन्स उत्तम, कारण मैदानाच्या तीनपैकी दोन भाग वापरायला मिळतात आणि खेळ समोर उलगडताना दिसतो.

बचावात मला सर्वाधिक छळले ते ०.९ मीटरच्या अंतराने. चेंडू हातात असलेल्या खेळाडूच्या टेकलेल्या पायापासून बचाव करणारीचा जवळचा पाय किमान तेवढा दूर हवा; त्यानंतर हात उंचावण्यास हरकत नाही. अंदाज येईपर्यंत मी जमिनीवर चिकटपट्टी लावून उभी राहत असे. हे अंतर चुकले की ऑब्स्ट्रक्शन, म्हणजे अडथळ्याची चूक, आणि त्याबद्दल प्रतिस्पर्धी संघाला मिळालेला पास देणारीच्या शेजारी, चेंडू तिच्या हातून सुटेपर्यंत, निमूट उभे राहावे लागते. तेवढा वेळ आपला संघ सहा जणींनिशी खेळतो आणि आपण ते नुसते पाहत असतो.

नेमबाजीकडे वळणाऱ्यांनी इतके ध्यानात घ्यावे की, ३.०५ मीटर उंचीवरील गोलाच्या कड्यामागे बास्केटबॉलसारखा बोर्ड नसतो. कड्याचा आतील व्यास ३८ सेंटिमीटर आणि चेंडूचा सुमारे २२. सपाट फेकीला ही फट आणखी अरुंद होते, म्हणून चेंडू उंच चढवून वरून पडू द्यावा लागतो.

नखे मात्र सामन्याच्या दिवशी घरूनच कापून जावे. मैदानात उतरण्यापूर्वी पंच हात तपासतात, दागिने काढायला लावतात, आणि माझा पहिला सामना एका अंगठ्याच्या नखापायी पाच मिनिटे उशिरा सुरू झाला. तेव्हापासून माझ्या बुटांच्या पिशवीत नेलकटर असतो.