क्रूझवरून उतरताना या चुका टाळा

आमचे नाना, म्हणजे माझे सासरे, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी क्रूझला निघाले. सिंगापूरच्या धक्क्यावर ती चाळीसारखी मजल्यावर मजले चढवलेली बोट बघून त्यांनी एकच विचारलं, "आणि उतरवणार कसे?" लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून मालवणला जाताना आगबोट लांब पाण्यात उभी राहायची, किनाऱ्यावरून पडाव यायचा आणि खलाशी माणसं आणि बोचकी एकाच हिशोबाने खाली सोडायचे. त्यांच्या लेखी बोटीचा प्रवास म्हणजे मुख्यतः उतरण्याची भीती. आम्ही हसलो. पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या साखरेवरच्या गोळ्या तळमजल्यावरच्या दोन हजार बॅगांमध्ये कुठेतरी होत्या आणि आम्ही सातव्या मजल्यावर. तेव्हा कुणी हसत नव्हतं.

आमचा मार्ग ठाण्या-पुण्याहून जाणारी बरीच मंडळी घेतात तोच: सिंगापूर, मलेशियातलं पेनांग, थायलंडचं फुकेट, परत सिंगापूर, चार रात्री. समुद्रावरचे दिवस बोटवाले सांभाळतात. चुका आपण करतो त्या शेवटच्या संध्याकाळी आणि शेवटच्या सकाळी. कारण साधं आहे. मोठ्या बोटीवर तीन-चार हजार प्रवासी असतात, त्यांना सकाळी उतरवायचं, खोल्या आवरायच्या आणि त्याच दुपारी तेवढेच नवे चढवायचे. लग्न लागल्यावर मंडपवाले खुर्च्या उचलायला लागतात ना, तशी ती सकाळ असते. काल रात्रीपर्यंत ज्याच्यासाठी पलंगावर टॉवेल दुमडून हत्ती केले जात होते, त्याने आज आठपर्यंत खोली सोडायची असते.

सगळं बॅगेत भरणं

शेवटच्या दुपारी खोलीत रंगीत किंवा नंबर घातलेले टॅग येतात. ते बॅगांना लावायचे आणि रात्री दहा-अकराच्या आत बॅगा दाराबाहेर ठेवायच्या. रात्रीतून त्या खाली जातात आणि सकाळी टर्मिनलच्या हॉलमध्ये रंगाप्रमाणे मांडलेल्या मिळतात. सोय उत्तम आहे. फक्त एकदा बॅग दाराबाहेर गेली की सकाळपर्यंत ती तुमची नाही.

आमच्या खोलीचा मुलगा गोव्याचा होता, तिकडे तारवटी म्हणतात तसा घराण्यातच बोटीची नोकरी असलेला. त्याने मला मराठीत विचारलं होतं, "ताई, औषधं हातात ठेवलीत ना?" मी हो म्हटलं, कारण मला खरंच तसं वाटत होतं. नानांनी मात्र "बॅगा भरा" म्हटल्यावर गोळ्यांचा डबा, कवळीची डबी आणि उद्याचा शर्ट नीट घडी करून मोठ्या बॅगेत घातला होता. वयस्कर माणसाला बॅग भरणं म्हणजे बॅग पूर्ण भरणं. सकाळी साडेसहाला ते अंगावरच्या पायजमा-बंडीत पलंगावर बसलेले आणि आम्ही तिघं पाच मिनिटं एकमेकांवर ओरडतोय, असं दृश्य होतं.

म्हणून आता माझा नियम असा: बॅगा बाहेर ठेवण्याआधी उद्याचे कपडे, अगदी चपलांसकट, खुर्चीवर काढून ठेवायचे. हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, चष्मा, कवळी, कानाचं यंत्र, चार्जर, दागिने आणि थोडे सिंगापूर डॉलर. मग बॅग बंद. बॅगेला टॅगशिवाय आपलीही काहीतरी खूण हवी. निळ्या चार चाकी बॅगा त्या हॉलमध्ये शेकड्याने असतात. आमच्या बॅगांवर आता जुन्या साडीच्या काठाची पट्टी असते.

आमच्यासारखं झालंच, तर रात्रीतून बॅगा परत मागण्याच्या भानगडीत पडू नका, त्या पिंजऱ्यांतून खाली गेलेल्या असतात. रिसेप्शनला सांगून लवकर उतरणाऱ्या रंगाच्या टॅगवाल्यांबरोबर उतरायची परवानगी मागा आणि बोटीच्या दवाखान्यात कळवा. दवाखान्याचं बिल मात्र वेगळं लागतं.

बॅगा स्वतः ओढत नेऊन सगळ्यांच्या आधी उतरायचीही सोय असते, बहुतेक बोटींवर तिला सेल्फ किंवा वॉक-ऑफ म्हणतात. दोघं तरुण असाल, एकेक केबिन बॅग असेल, तर तीच घ्या. आजी-आजोबा, लहान मूल आणि फुकेटची खरेदी बरोबर असेल, तर त्या मोहात पडू नका. त्या वेळी लिफ्ट प्रत्येक मजल्यावर भरलेलीच येते. व्हीलचेअर लागणार असेल तर आदल्या दिवशी सांगावं लागतं, सकाळी उठून मागितली तर तासभर वाट बघावी लागते. व्हीलचेअरवाल्यांची जमायची जागाही बरेचदा वेगळी असते.

बिल सकाळी बघणं

बोटीवर पैसे चालत नाहीत, खोलीचं कार्ड चालतं. तेच लोकांना भोवतं. मुलं कोल्ड्रिंक घेतात, खोलीतली पाण्याची बाटली फुकट वाटते, फोटोग्राफर हसत हसत फोटो काढतो, आणि रोजची टिप माणशी आपोआप चढत राहते, लहान मुलांचीही. टूरवाल्याच्या पॅकेजमध्ये ती टिप धरली आहे का, हे बुकिंग करतानाच विचारा. "सगळं इन्क्लुड आहे" यावर जाऊ नका.

शेवटच्या सकाळी रिसेप्शनसमोर जी रांग लागते, ती एसटीच्या आरक्षण खिडकीची आठवण करून देते. आम्ही त्या रांगेत पाऊण तास होतो, कारण कुणाच्या तरी दोन बिअर आमच्या खात्यावर पडल्या होत्या. नाना माळकरी, आणि आम्ही दोघं त्या दिवशी किनाऱ्यावर होतो! चूक लगेच दुरुस्त झाली, पण नाश्ता हुकला. खोलीतल्या टीव्हीवर किंवा बोटीच्या ॲपवर बिल रोज दिसतं. ते रोज रात्री बघा, आणि तक्रार असेल तर शेवटच्या दिवशी जेवणाच्या वेळेला जा, तेव्हा काउंटर रिकामा असतो.

खात्याला फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून घेतलेलं) किंवा डेबिट कार्ड जोडू नका. बोट खर्चापोटी आधीच रक्कम अडवून ठेवते. क्रेडिट कार्डावर ती नुसती मर्यादेतून कमी दिसते, फॉरेक्स कार्डावर तुमचे खरे पैसे अडकतात आणि सुटायला काही दिवस जातात. म्हणजे बोटीवरून उतरून सिंगापूरमध्ये दोन दिवस राहायचं ठरवलं असेल, तर तिथेच खिशाला चिमटा.

व्हिसा एकदाच लागतो असं समजणं

ही चूक घरी बसल्या होते आणि कळते परत येताना. विमानाने सिंगापूरला उतरलात, एक प्रवेश झाला. बोटीने बाहेर पडून परत आलात, तो दुसरा प्रवेश. भारतीय पासपोर्टवर बरेचदा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळतो, पण मिळतोच असं धरून चालू नका. व्हिसाच्या कागदावर तो शब्द डोळ्यांनी वाचा. मलेशिया आणि थायलंडचे नियम अलीकडे सतत बदलताहेत. वर्षभरापूर्वी जाऊन आलेल्या मेहुण्याचं ऐकून बसू नका.

दुसरी गोष्ट अरायव्हल कार्डची, म्हणजे देशात शिरण्याआधी भरायच्या माहितीच्या फॉर्मची. सिंगापूरला पोचायच्या दिवसासकट तीन दिवसांच्या आत ते ऑनलाइन भरायचं असतं, आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. विमानाने येताना भरलेलं कार्ड बोटीने परतताना चालत नाही, नवीन लागतं. आमच्या मार्गावर फुकेटचा दिवस तिसरा, सिंगापूर पाचवा, म्हणजे फुकेटला किनाऱ्यावर नेट चालू असतानाच ते भरून टाकता येतं. बोटीवरचं वायफाय महाग असतं, आणि शेवटच्या रात्री सगळ्यांनाच एकदम कार्ड आठवतं.

काही बोटी चढताना पासपोर्ट काढून घेतात आणि शेवटच्या रात्री किंवा सकाळी परत देतात. आपल्या बोटीची पद्धत पहिल्याच दिवशी विचारून ठेवा.

फोनचं घड्याळ

पेनांगला बोट थेट जॉर्जटाउनच्या कुशीत, स्वेटनहॅम पिअरला लागते. उतरलं की गावच. फुकेटला मात्र मोठ्या बोटी बरेचदा पाटोंगच्या उपसागरात नांगर टाकतात आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात. नाना खूष झाले. "हा बघ पडाव," म्हणाले, "फक्त याला छप्पर आहे."

इथे घोळ असा की थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. बोट स्वतःची वेळ बदलेलच असं नाही, पण थाई सिम टाकलं की फोन मुकाट्याने बदलतो. शेवटची लहान बोट साडेचारची, फोन म्हणतो साडेतीन, आणि तुम्ही नारळपाणी पीत बसलेले. मनगटावर साधं घड्याळ बोटीच्या वेळेला लावून ठेवा.

परतीचं विमानही असंच. बोट सातला धक्क्याला लागते म्हणून साडेदहाचं विमान घेऊ नका. सिंगापूरच्या मरीना बे क्रूझ सेंटरवर इमिग्रेशन, बॅगा आणि टॅक्सीची रांग एकामागून एक असतात. चांगी विमानतळ टॅक्सीने अर्ध्या तासावर आहे, पण टॅक्सीत बसेपर्यंतचा वेळ कुणी सांगत नाही. दुपारी दोननंतरचं विमान घ्या. सामान हलकं असेल तर मरीना साउथ पिअर मेट्रो स्टेशन चालत गाठता येतं.

बाटल्या, सिगारेट आणि बफेची केळी

किनाऱ्यावर किंवा बोटीच्या दुकानात घेतलेल्या दारूच्या बाटल्या बोट ठेवून घेते आणि शेवटी परत देते, कधीकधी तुमच्या बॅगा दाराबाहेर गेल्यानंतर. मग ती बाटली हातात राहते आणि विमानाच्या केबिनमध्ये चालत नाही. बाटल्या घेतल्या असतील तर टर्मिनलच्या हॉलमध्ये बॅग उघडून आत भरण्याइतकी जागा ठेवा. सिंगापूरला सिगारेटवर सूट नाही, एका पाकिटावरही कर आहे. व्हेप आणि च्युइंगगम आणूच नये. आणि बफेवरून उचललेली केळी, अंडी, सँडविच बोटीवरच संपवा, बंदरावर अडवतात.

बाकी किरकोळ. बोट लागते अशांनी गोळी डॉक्टरांना विचारून मळमळायच्या आधी घ्यावी, आवळासुपारीवर विसंबू नये. फोन एअरप्लेन मोडवर ठेवा, समुद्रातलं नेटवर्क चुकून पकडलं तर रोमिंगचं बिल घाम फोडतं. खोली सोडताना तिजोरीचं दार उघडं ठेवून बाहेर पडा, म्हणजे आत काही राहिलं नाही हे दिसतं. पलंगामागच्या प्लगमध्ये हटकून एक चार्जर असतोच.

हॉलमध्ये बॅग दिसली नाही तर आधी शेजारच्या रंगाच्या ओळी बघा, तिथे ती बरेचदा सापडते. नाही सापडली तर टर्मिनल सोडायच्या आत तक्रार लिहून द्या, कारण बोट दुपारी परत निघून जाते. आमची बॅग शेजारच्या जांभळ्या ओळीत होती. नानांनी तिथेच ती आडवी करून डबा काढला, गोळी घेतली आणि मग बंडीवर शर्ट चढवला.

जमिनीवर आल्यावर एखादा दिवस पायाखाली हलल्यासारखं वाटतं, ते आपोआप जातं. चांगीला रांगेत उभे असताना नानांनी माझा दंड धरला आणि हळूच विचारलं, "ही पण बोट आहे का गं?"