डॅशबोर्डचे दिवे लुकलुकतात? बॅटरी बदलण्याआधी या चुका टाळा

पावसाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी पुण्यातल्या सिंहगड रस्त्यावरच्या कोंडीत वायपर, हेडलाइट आणि एसी एकदम चालू असताना डॅशबोर्डचे दिवे लुकलुकू लागले, की पहिला संशय बॅटरीवर जातो आणि बहुतेक जण दुसऱ्याच दिवशी नवी बॅटरी बसवून घेतात. गॅरेजच्या सांगण्यावरून मीही तेच केले आणि चार दिवसांत दिवे पुन्हा फडफडू लागले. दोष निघाला तो बॅटरीच्या निगेटिव्ह टोकाकडून बॉडीला जाणाऱ्या अर्थिंगच्या वायरीत. बोल्ट वरून घट्ट दिसत होता, पण वायर बोटाने जराशी हलवली की डॅशबोर्ड मंद होत असे. लग, म्हणजे वायरीच्या टोकाची बोल्टखाली बसणारी धातूची कडी, सोडवून पाहिला तेव्हा त्याच्या खाली तपकिरी गंजाचा थर होता. पॉलिश पेपरने दोन्ही बाजू चकचकीत करून बोल्ट पुन्हा आवळला आणि तक्रार संपली.

म्हणून सर्वांत मोठी चूक म्हणजे मोजमाप न करता सुटे भाग बदलणे. दिवे नेमके केव्हा लुकलुकतात, हे आधी दोन दिवस नीट पाहावे. गाडी उभी असताना मंद होणारे दिवे रेस दिल्यावर उजळत असतील तर अल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणारे जनित्र, किंवा त्याला फिरवणारा सैल पट्टा तपासावा. खड्ड्यात किंवा स्पीडब्रेकरवर फडफडत असतील तर कुठेतरी जोड सैल आहे. आणि इंडिकेटरच्या तालावर डॅशबोर्डही उघडमीट करत असेल तर अर्थिंगचा संशय घ्यावा, कारण परतीची वाट खराब झाली की एका दिव्याच्या करंटचा परिणाम दुसऱ्यावर दिसू लागतो.

यानंतर साधा मल्टिमीटर हाती घ्यावा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची पूर्ण चार्ज बॅटरी सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू झाल्यावर हा आकडा साधारण १३.८ ते १४.५ व्होल्टपर्यंत जातो. अलीकडच्या अनेक गाड्यांत संगणक गरजेनुसार अल्टरनेटरचे चार्जिंग कमी-जास्त करतो, त्यामुळे एकाच आकड्यावरून अल्टरनेटर बाद ठरवू नये. अल्टरनेटरमधला डायोड (उलटसुलट वाहणारा करंट एकाच दिशेने वळवणारा भाग) गेला असेल तर बॅटरीवर एसी, म्हणजे उलटसुलट बदलणारे, व्होल्टेज मोजल्यास ते अर्ध्या व्होल्टच्या वर दिसू शकते आणि दिव्यांत बारीक थरथर जाणवते. अर्थिंगची तपासणी मात्र बहुतेक गॅरेजमध्ये होतच नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण तिला पाच मिनिटेही लागत नाहीत: इंजिन, हेडलाइट आणि ब्लोअर चालू ठेवून मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, तिच्यावरच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर टेकवावी, मग तीच बॉडीवर टेकवावी. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर त्या वाटेतला जोड साफ करावा.

टर्मिनलवर साचलेली पांढरी-हिरवट भुकटी हातमोजे घालून, कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवावी. त्यासाठी इंजिन बंद करून आधी निगेटिव्ह टोक सोडवावे आणि जोडताना ते सर्वांत शेवटी जोडावे. अल्टरनेटर चालतो का हे पाहण्यासाठी चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढण्याची जुनी पद्धत आजच्या गाड्यांत कदापि वापरू नये. त्या क्षणी व्होल्टेज एकदम उसळते आणि इंजिनचा संगणक कायमचा निकामी होऊ शकतो. तसेच फ्यूज वारंवार उडतो म्हणून १० अँपिअरच्या लाल फ्यूजच्या जागी २० अँपिअरचा पिवळा बसवणे म्हणजे फ्यूजऐवजी वायर जळू देणे होय.

नाना पेठेतून आणलेला जादा हॉर्न, एलईडी दिवे किंवा डॅशकॅम मूळ वायर सोलून नुसती टेप गुंडाळून जोडलेला असेल, तर तो जोड आधी उघडून पाहावा; जास्त करंट घेणाऱ्या उपकरणाला स्वतंत्र फ्यूज आणि रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) हवाच. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही शोधाव्यात.

हेडलाइट स्थिर आहेत आणि फक्त डॅशबोर्डवरचा मीटरच लुकलुकतो, अशी स्थिती असेल तर बॅटरीच्या मागे लागू नये. प्रकाश कमी-जास्त करणारे बटण, मीटरमागचा कनेक्टर आणि त्याच्या सर्किटमधले सैल सोल्डर, या क्रमाने पाहावे. डोळ्यांना स्थिर दिसणारे एलईडी मोबाइलच्या व्हिडिओत लुकलुकताना दिसले तर तो बिघाड नाही, कारण त्यांचा प्रकाश वेगाने चालू-बंद करूनच कमी केलेला असतो. लुकलुकण्याबरोबर बॅटरीचा लाल दिवाही पेटून राहिला, तर मात्र एसी आणि म्युझिक सिस्टिम बंद करून जवळच्या गॅरेजपर्यंतच जावे; त्या अवस्थेत रात्री खंबाटकी घाटाकडे गाडी काढू नये.