कॅम्पर व्हॅनमधील गरम-गार पाणी : या चुका टाळा

कॅम्पर व्हॅनमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, नळाची धार मंदावली की बहुतेक जण पंपालाच दोष देतात, आणि नवा पंप बसवूनही धार तशीच राहते. खर्च करण्याआधी एवढेच पाहावे की गरम आणि गार दोन्ही पाणी मंद येते, की फक्त गरम. दोन्ही मंद असेल तर दोष टाकी, पंपाआधीची गाळणी, पंप किंवा त्याची वायर यांत असतो. बारा व्होल्टच्या पंपाला बारीक वायर जोडली की तो पुरेशा जोमाने फिरतच नाही. फक्त गरम पाणी मंद असेल तर पंपाला हात न लावता गीझरच्या आधीचे आणि पुढचे व्हॉल्व्ह तपासावेत. एकाच नळाचा त्रास असेल तर त्याच्या तोंडाची जाळी बोअरच्या पाण्यातील क्षारांनी बुजलेली असण्याचीच शक्यता अधिक. ती व्हिनेगरमध्ये भिजवावी.

पंप फिरतो पण पाणी येत नाही, तेव्हा ओल शोधणे ही चूक ठरते. टाकी पंपाच्या खाली असेल तर टाकी ते पंप या पाइपावरील सैल क्लिपमधून पाणी बाहेर न येता हवा आत ओढली जाते आणि जोड कोरडाच दिसतो. याउलट, सर्व नळ बंद असताना पंप अधूनमधून घरघरत असेल तर पंपापुढच्या प्रत्येक जोडाला कोरडा कागद लावून पाहावा. सगळे कोरडे निघाले तर पंपातील नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमधून (पाणी एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या झडपेतून) पाणी टाकीकडे परतत असावे.

गरम पाणी कोमट येण्याचे एक कारण सहसा लक्षात येत नाही : शॉवर हातातील बटणाने थांबवून मिक्सर उघडाच ठेवला, तर गार पाणी तिथून गरम पाण्याच्या पाइपात शिरते.

सर्वांत धोकादायक चूक म्हणजे गीझर तापताना प्रेशर रिलीफ व्हॉल्व्हमधून थेंब पडतात म्हणून तिथे बूच बसवणे. दहा लिटर पाणी २० वरून ६० अंश सेल्सिअसपर्यंत तापले की सुमारे दीडशे मिलिलिटरने फुगते, आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे त्याला मागे जाता येत नाही. ते थेंब म्हणजे वाढलेल्या दाबाची सुरक्षित वाट असते. थेंब नकोच असतील तर गरम पाण्याच्या पाइपावर फुगलेले पाणी सामावून घेणारी छोटी प्रेशर टाकी बसवावी. पाणी गार असतानाही गळत असेल, तर मात्र व्हॉल्व्ह बदलावा. रिकामी टाकी भरल्यानंतर गरम नळातून अखंड धार येईपर्यंत गीझर सुरू करू नये, अन्यथा कोरडे एलिमेंट जळते.

पाइपांच्या बाबतीतही घराचा हिशेब इथे लागू पडत नाही. साधा पीव्हीसी पाइप गरम पाण्याने मऊ पडतो. सीपीव्हीसी उष्णता सोसतो, परंतु खड्ड्यांच्या रस्त्यावर त्याचे चिकटवलेले ताठ जोड तडकू शकतात. म्हणून गरम पाण्यासाठी योग्य असा लवचीक पाइप घ्यावा, तो जागोजागी क्लॅम्पने बांधावा आणि प्रत्येक जोडापर्यंत हात पोहोचेल अशी झाकणे फर्निचरमध्ये ठेवावीत.