कंपवात: गोळी लागू पडत नाही म्हणण्याआधी या चुका टाळा

‘गोळी लागूच पडत नाही, डोस वाढवून द्या,’ असं कंपवाताचे (पार्किन्सनचे) रुग्ण म्हणतात. अशा वेळी आधी घड्याळ तपासावं. या आजारावरची लिव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी लहान आतड्यात शोषली जाते आणि प्रथिनं पचून तयार होणारी अमिनो आम्लं तिथेच तिची वाट अडवतात. मेंदूत शिरतानाही तीच झटापट. नेहमीचं चित्र असं: दुपारची गोळी उसळ आणि वाटीभर दह्याच्या जेवणाबरोबर, आणि तीन वाजता दाराच्या उंबऱ्यापाशी पाय चिकटलेले. घाईने डोस वाढवला, की सकाळच्या उपाशीपोटीच्या गोळीनंतर मान-हात वेडेवाकडे हलू लागतात. डोस तोच ठेवून गोळी साडेबाराला नुसत्या पाण्याबरोबर आणि जेवण सव्वाला केलं, तर बहुतेकदा दुपार सुधारते. जेवणाआधी अर्धा ते एक तास, नाहीतर नंतर दीड-दोन तास, हा हिशोब पाळा. मळमळत असेल तर एखादं बिस्कीट चालेल, दूध नको. प्रथिनं मात्र तोडू नका, वजन उतरतं. त्यांचा मोठा वाटा रात्रीच्या जेवणात घ्या. लोहाची गोळी दोन तास लांब.

दुसरी चूक निदानातली. हात थरथरला की कंपवात, नाही थरथरला की नाही, असं नसतं. मुख्य लक्षण हालचालींचा मंदपणा. अंगठा आणि तर्जनी मोठ्ठी उघडून झपाझप पंधरा वेळा टेकवायला सांगा. दरवेळी बोटांमधलं अंतर आकसत गेलं, तर न्यूरॉलॉजिस्ट गाठा. चालताना एकच हात न हलणं, सही बारीक होत जाणं, वास न येणं हेही बघा. फ्रोझन शोल्डर म्हणून महिनोन् महिने शेकलेला खांदा कधीकधी हाच आजार असतो. एमआरआय नॉर्मल आला म्हणून हुरळून जाऊ नका. तो बहुधा नॉर्मलच येतो.

चक्कर-उलटीच्या गोळ्यांनीही हुबेहूब हीच लक्षणं येतात: सिनारिझिन, फ्लुनारिझिन, मेटोक्लोप्रामाइड. औषधांची अख्खी पिशवी डॉक्टरांसमोर ओता. ही कारणीभूत ठरली आणि डॉक्टरांनी बंद केली, तरी सुधारायला आठवडे-महिने लागतात. तेवढाही धीर नसलेले मध्येच कंपवाताचं औषध मागतात.

सीआर (औषध हळूहळू सोडणारी) गोळी कुटू नका.

खाजकुइलीच्या बियांत लिव्होडोपा असतोच, म्हणून तिचं चूर्ण गुपचूप घेणं म्हणजे न मोजलेला जादा डोस.

बरं वाटतंय म्हणून गोळ्या एकदम थांबवू नका: तीव्र ताप आणि लाकडासारखं आखडलेलं अंग घेऊन आयसीयूत जावं लागू शकतं. ऑपरेशन ठरलं तर उपाशी राहण्याच्या तासांत गोळीचं काय करायचं, ते भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच विचारा.